डॉ. कोटणिसांचा संसार

९ डिसेंबर हा दिवस सोलापूरच्या स्मरणवहीत कायमचा नोंदला गेला आहे. १९४२ साली याच दिवशी, उत्तर चीनमधील होपे प्रांताच्या डोंगराळ मुलखात, आमच्या शहरात जन्मलेला एक तरुण डॉक्टर वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कालवश झाला. त्याच्या स्मृतिदिनी हार घातले जातात, भाषणे होतात आणि त्या भाषणांतून दोन शब्द हटकून कानी येतात. एक ‘हुतात्मा’ आणि दुसरा ‘सेतू’. दोन्ही शब्द खोटे आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु वर्षानुवर्षे तेच उच्चारले गेल्यामुळे त्यांच्याआड उभा असलेला माणूस दिसेनासा झाला आहे, अशी आमची तक्रार आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे घरादारावर तुळशीपत्र ठेवून बाहेर पडलेले विरक्त नव्हते. ते पुत्र होते, बंधू होते, पती होते आणि शेवटचे साडेतीन महिने पिता होते. आणखी एक गोष्ट अशी की आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत शस्त्रक्रियेच्या टेबलाखालोखाल त्यांचा वेळ गेला तो विद्यार्थ्यांना शिकविण्यात. हुतात्म्याच्या चित्रात हा गृहस्थही बसत नाही आणि हा शिक्षकही बसत नाही, म्हणून दोघांनाही वगळण्यात आले आहे.

कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. त्या वेळचे सोलापूर म्हणजे गिरण्यांचे गाव. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी निघाली, तीच पुढे जुनी गिरणी म्हणून ओळखली गेली. तिच्यामागून इतर गिरण्या आल्या आणि त्यांच्या भोंग्यांवर गावाचा दिवस उगवू व मावळू लागला. आज ते भोंगे थांबले आहेत. गिरण्यांच्या जागी यंत्रमाग आले, आणि चादरी व टॉवेल यांचा जो व्यवसाय सोलापूरचे नाव टिकवून आहे त्याचा मोठा भाग अक्कलकोट रोड एमआयडीसीत चालतो. सूत तेच आहे, माग बदलले; आणि बदलली नाही अशी दुसरी एक गोष्ट म्हणजे मुलाला डॉक्टर करण्याची बापाची आकांक्षा. अक्कलकोट रोडवरील एखाद्या कारखान्यात हिशेब लिहिणारा किंवा मागावर उभा राहणारा बाप मुलाच्या वैद्यकीय शिक्षणासाठी पै-पै साठवितो, प्रसंगी कर्ज काढतो, आणि त्या एका मुलाच्या मागे उरलेल्या भावंडांच्या इच्छा मागे पडतात, हे दृश्य आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी जवळून पाहिले असेल. शांतारामपंत कोटणिसांचे घर याच जातीचे, मध्यमवर्गीय व मुलाबाळांनी भरलेले. द्वारकानाथांना दोन भाऊ आणि पाच बहिणी होत्या. अशा घरातील मुलगा मुंबईला जाऊन डॉक्टर होतो, तेव्हा त्याच्या पदवीवर एकट्याचे नाव असले तरी तिची किंमत साऱ्या घराने दिलेली असते. पुढे जे घडले त्याचे मोल समजण्यासाठी एवढे ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

त्यांचे तारुण्य कोणत्या हवेत गेले हेही सांगितले पाहिजे. १९३० च्या मे-जून महिन्यांत सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला होता, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघा सोलापूरकरांना येरवड्यास फाशी देण्यात आले. द्वारकानाथ त्या वेळी ऐन विशीत होते. मुंबईत त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले ते परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात. १९२६ साली सुरू झालेल्या या संस्थेला देणगी देणाऱ्यांनी अशी अट घातली होती की तेथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा. हिंदी माणसाला शल्यशास्त्र शिकविता येत नाही असे मानणाऱ्या काळात या अटीला निराळाच अर्थ होता. कोटणीस पुढे ज्या परमुलखात शिकवू लागले तेथील लोकांनाही त्यांच्याविषयी असेच काहीसे सांगितले जात होते. शिकणाऱ्याला आत्मविश्वास द्यावा लागतो, मग विद्या, हे त्यांना परळच्या त्या वास्तूने नकळत शिकविले असावे, असे आम्हांस वाटते.

१९३७ च्या जुलैत जपानने चीनवर उघड आक्रमण केले. पुढल्या वर्षी चिनी सेनानी चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साह्याची मागणी केली. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्षपद सुभाषचंद्र बोस यांच्याकडे होते. त्यांनी लोकांना आवाहन केले आणि वर्गणीतून सुमारे २२,००० रुपये व एक रुग्णवाहिका उभी राहिली. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या पीडित देशाला पाठविलेली ही मदत होती. पथकात पाच डॉक्टर निवडले गेले. स्पेनच्या यादवी युद्धात काम केलेले अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. पदव्युत्तर अभ्यास हाताशी आला होता, घरचे अपेक्षेने वाट पाहत होते. तरीही त्यांनी नाव दिले आणि घरच्यांनी निरोप दिला. पथकाची मुदत ठरली होती एक वर्षाची. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाचही जण मुंबईहून बोटीने निघाले.

कँटन बंदरात सुंग चिंग-लिंग, म्हणजे डॉ. सन यत-सेन यांच्या पत्नी, यांनी त्यांचे स्वागत केले. तेथून हँको आणि मग चुंगकिंग. मागे सोडलेली शहरे एकामागून एक जपान्यांच्या हाती पडत होती. कँटन आणि वुहान दोन्ही त्याच ऑक्टोबरात पडले. चुंगकिंगला असताना पाचही डॉक्टरांनी चिनी नावे धारण केली व प्रत्येकाच्या नावाअखेर चीन देशाचा वाचक असलेला ‘ह्वा’ हा शब्द जोडला. कोटणिसांचे ‘को तिह्वा’ झाले. आणि तेथेच, येनानकडे निघण्याच्या तयारीत असताना, १९३९ च्या प्रारंभी त्यांना वडील वारल्याची वार्ता मिळाली. सहकाऱ्यांनी घरी परतण्याचा सल्ला दिला. ते परतले नाहीत.

भाषणांतून हा प्रसंग एका वाक्यात उरकला जातो आणि टाळ्या पडतात. आमच्या मते येथे टाळी वाजवू नये; थोडे थांबावे. बाप गेल्यावर मुलाने घरी यावे, आईजवळ बसावे, भावंडांच्या पुढच्या वाटेचा विचार करावा, ही आपल्याकडील केवळ रूढी नव्हे, ते कर्तव्य आहे; आणि ज्या घराने त्याच्या शिक्षणाचा भार सोसला त्या घराचा तर त्याच्यावर अधिकारच होता. कोटणिसांनी हे कर्तव्य क्षुद्र मानले असे समजण्यास काहीही आधार नाही. त्यांनी ते दुसऱ्यांवर सोपविले. सोलापुरात राहिलेल्या आईने आणि भावंडांनी ते उचलले, तेही हाती शस्त्र नसताना आणि कोणी हार घालीत नसताना. त्यागाचा जमाखर्च मांडायचा तर या खात्यावरील रक्कमही प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. ती लिहिल्याने कोटणिसांचे मोठेपण उणावत नाही. उलट, आपल्या निर्णयाची किंमत दुसरे चुकवीत आहेत हे ठाऊक असलेला माणूस दिलेले काम अर्ध्यावर टाकून येऊ शकत नाही, ही गोष्ट त्यांच्या पुढच्या चार वर्षांतून दिसते.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. तेथे आठव्या रूट आर्मीचे रुग्णालय डोंगरात खोदलेल्या गुहांतून चालत असे. चोळकर व मुखर्जी प्रकृतीमुळे त्याच वर्षी परतले, पुढे अटलही परतले. वर्षाची मुदत केव्हाच संपली होती. कोटणीस आणि बसू मागे राहिले, आणि जपान्यांच्या पिछाडीस असलेल्या रणभागाकडे गेले. १९४० च्या उत्तरार्धात तेथे मोठी मोहीम झाली. त्या काळात कोटणिसांनी ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले आणि एकदा तर ७२ तास विश्रांतीविना शस्त्रक्रिया चालविल्या, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. रणांगणाच्या या कथा प्रसिद्ध आहेत. त्यांची पुनरुक्ती करण्याचे कारण नाही.

कमी प्रसिद्ध आहे ती गोष्ट भाषेची. इतर परदेशी डॉक्टर दुभाष्याच्या साह्याने काम करीत. कोटणिसांनी चिनी भाषा शिकायला घेतली ती बोलण्यापुरती नव्हे. चित्रलिपीही ते लिहू-वाचू लागले. जखमीला कुठे दुखते हे विचारण्यासाठी शे-दोनशे शब्द पुरतात. लिपी शिकण्याचा खटाटोप, वय तीस आणि भोवती युद्ध असताना, माणूस तेव्हाच करतो जेव्हा त्याला त्या भाषेत शिकवायचे असते. ज्याने वर्गात उभे राहून वर्षे काढली आहेत त्याला हे सांगावे लागत नाही. दुभाष्यामार्फत निदान करता येते, शिकविता येत नाही. विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरील न समजल्याची छटा दुभाषी कधीच भाषांतरून सांगत नाही.

कॅनडाचे प्रख्यात शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून हे याच मुलखात काम करीत असता शस्त्रक्रियेच्या वेळी बोटास झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी वारले होते. त्यांच्या नावाने तेथे रुग्णालय व वैद्यकीय शाळा चालू होती. १९४१ च्या जानेवारीत बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून कोटणिसांची नेमणूक झाली आणि शाळेत ते शल्यशास्त्र शिकवू लागले. रुग्णालय हा शब्द ऐकून वाचकांच्या डोळ्यांसमोर इमारत उभी राहील, पण तेथे होती ती खेड्यातील शेतकऱ्यांची घरे. शत्रूच्या मोहिमा आल्या की रुग्ण, औषधे, हत्यारे आणि विद्यार्थी असा सारा संसार उचलून डोंगरात जावे लागे. वेढ्यामुळे औषधांचा तुटवडा कायमचा होता. विद्यार्थी म्हणजे बहुधा खेड्यांतून आलेले तरुण, शालेय शिक्षण तुटपुंजे, शरीरशास्त्राचे नाव न ऐकलेले. अशांना थोड्या काळात असे तयार करायचे की तुटलेला पाय पाहून त्यांचे हात कापू नयेत आणि न तुटलेला पाय त्यांनी कापू नये. एक शल्यविशारद दिवसभरात किती जखमी तपासणार? त्याने दहा जण शिकविले तर त्याच्या मृत्यूनंतरही जखमा बांधल्या जातील. बेथ्यून यांच्या अकाली मरणाने हा धडा सर्वांना दिलाच होता.

या अध्यापनासाठी पुस्तके हवी होती आणि पुस्तके नव्हती. कोटणिसांनी ती लिहिण्यास घेतली. शल्यशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवरील एक पाठ्यपुस्तक त्यांनी सिद्ध केले आणि त्यापुढील, निरनिराळ्या अवयवांच्या शस्त्रक्रियांचे विवरण करणारे दुसरे हाती घेतले. आमच्याकडे इंग्रजी पाठ्यपुस्तके आयती मिळत असतानाही मातृभाषेतून शास्त्र शिकविता येईल काय, यावर वाद घालण्यात दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या. सोलापूरचा हा मराठी माणूस तिकडे परक्याच्या मातृभाषेत, खेडवळ मुलांसाठी, कंदिलाच्या काळात शल्यशास्त्राचे पुस्तक लिहीत होता! असो. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

याच शाळेत क्वो चिंगलान या परिचर्या शिकवीत असत. शान्सी प्रांतातील फेनयांगच्या त्या, शिक्षण परिचारिकेचे. बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात त्यांनी कोटणिसांना प्रथम पाहिले आणि हा हिंदी डॉक्टर चिनी बोलतो, इतकेच नव्हे तर लिहितोही, याचे त्यांना आश्चर्य वाटले. १९४१ च्या नोव्हेंबरात दोघांचा विवाह झाला. दोन शिक्षकांचा हा संसार. घर असे नव्हतेच, कारण रुग्णालयाबरोबर घरही हलत असे. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. सेनापती न्ये रुंगचन यांनी त्याचे नाव सुचविले, यिनह्वा. यिन म्हणजे हिंदुस्थान आणि ह्वा म्हणजे चीन. युद्धाच्या धुमाळीत, उद्याचा भरवसा नसताना, कोटणिसांनी विवाह केला व मूल होऊ दिले, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. सेवेसाठी संसार टाकावा लागतो, ही कल्पना आमच्याकडे संतचरित्रांपासून आजच्या कार्यकर्त्यांच्या गौरवग्रंथांपर्यंत इतकी रुजली आहे की संसारी माणसाची सेवा आम्हांला दुय्यम वाटते. कोटणिसांनी एक घर सोडले होते, पण घर ही गोष्ट सोडली नव्हती.

मात्र प्रकृती ढासळत होती. अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी दूर जावे, विश्रांती घ्यावी, असे त्यांना सुचविण्यात आले. त्यांनी काम सोडले नाही. याबाबत आमचे मत प्रतिकूल आहे, आणि ते सांगण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. स्वतःच्या रुग्णाने असा सल्ला मोडला असता तर डॉ. कोटणीस त्याच्यावर रागावले असते. दुसरे पुस्तक अखेरच्या दिवसांतही ते लिहीत होते. १९४२ च्या डिसेंबरात झटक्यांची मालिका सुरू झाली आणि ९ तारखेस त्यांचा अंत झाला. पुस्तक अपुरे राहिले. मुलाचे वय साडेतीन महिने होते.

त्यांची कीर्ती मायदेशी पसरली ती प्रामुख्याने दोन मार्गांनी. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली या पथकावर इंग्रजी पुस्तक लिहिले, आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. कोटणिसांची भूमिका त्यांनी स्वतः केली, पत्नीची जयश्री यांनी. चित्रपटाचे उपकार मोठेच आहेत. त्याच्यावाचून हे नाव घरोघर पोहोचले नसते. पण प्लेगसारख्या साथीवर औषध शोधून काढण्याचा जो भाग त्यात रंगविला आहे तो पुष्कळांच्या मनात इतिहास म्हणून बसला आहे. कोटणिसांचे खरे काम त्याहून साधे व त्याहून कठीण होते. रोज उठून शस्त्रक्रिया करणे, रोज उठून शिकविणे. चित्रपटाला असल्या कामाची अडचणच होते, कारण त्यात चमत्काराचा क्षण नसतो.

दुसरी अडचण राजकारणाची. १९४२ च्या जुलैत ते चिनी साम्यवादी पक्षाचे सभासद झाले, ही गोष्ट काही वक्ते गाळतात आणि काही तेवढीच सांगतात. १९६२ च्या आक्रमणानंतर तर त्यांचे नाव घेणे काहींना अवघड वाटू लागले, आणि पुढेही सीमेवर ठिणगी पडली की तोच अवघडलेपणा परत येतो. ज्या चीनच्या साह्याला ते गेले तो परचक्राखाली भरडला जाणारा देश होता आणि त्यांना पाठविणारी होती आपली राष्ट्रीय सभा. नंतरच्या राज्यकर्त्यांच्या कृत्यांचा जाब त्यांच्या स्मृतीला विचारणे न्यायाचे नाही. तसेच, दोन्ही देशांचे संबंध बरे असले की त्यांचे नाव पुढे करायचे आणि बिघडले की झाकून ठेवायचे, हेही शोभणारे नाही. चीनने १९८२ व १९९२ साली आणि आपल्या देशाने १९९३ साली त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली. तिकडचे नेते भारतभेटीस आले म्हणजे कोटणीस कुटुंबीयांची आठवण ठेवतात. २००६ साली राष्ट्राध्यक्ष हू जिंताव मुंबईत त्यांना भेटले. हा सन्मान घेणाऱ्या घरातील माणसांनी भाऊ मात्र एकदाच पाठविला होता, एका वर्षासाठी.

सहकारी डॉ. बसू १९४३ साली मायदेशी परतले. पुढे चिनी सूचिचिकित्सा भारतात आणण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. कोटणिसांचे अवशेष होपेमधील शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहेत, आणि त्याच शहरात त्यांच्या नावाची एक वैद्यकीय शाळाही आहे. दोन स्मारकांपैकी त्यांना स्वतःला कोणते आवडले असते हे सांगण्यास ज्योतिषी नको. यिनह्वा बापाच्याच वाटेने गेला. पण वैद्यकीय शिक्षण पुरे होण्याच्या बेतात असताना १९६७ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तोही मरण पावला. क्वो चिंगलान यांनी पुढे दुसरा संसार मांडला, तरी सासरच्या माणसांशी जोडलेला धागा तोडला नाही. त्या अनेकदा भारतात आल्या. भय्या चौकातील जन्मघराचे स्मारक करून महापालिकेने ते १ जानेवारी २०१२ रोजी लोकांसाठी खुले केले. त्याच वर्षी २८ जून रोजी, चीनमधील दालियान शहरी, वयाच्या ९६ व्या वर्षी क्वो चिंगलान निवर्तल्या. सोलापूरचे ते घर उघडून तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते.